गोचीड, चट्टा आणि लाइम रोग

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. १९७५च्या सुमारास तिथल्या बऱ्याच मुलांचे गुडघे सुजू लागले. एवढ्याशा पोरांना संधिवात कसा, हा प्रश्न लावून धरला तो त्यांच्या आयांनी. म्हणून तर शोध सुरू झाला, गावावरून आजाराला लाइम रोग हे नाव पडलं, आणि १९८२मध्ये शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांनी तो घडवणारे, गोचिडीच्या आतड्यात सापडलेले नागमोडी जीवाणू जगापुढे मांडले.

गोचिडीला ते मिळतात उंदरांसारख्या लहान प्राण्यांचं रक्त पिताना. पुढे ती माणसाला चिकटते. बहुतेक वेळा ते खसखशीएवढं पिल्लूच असतं, चावलेलं कळतही नाही. मात्र आतड्यातले जीवाणू लाळेत उतरायला वेळ लागतो. साधारण चोवीस तासांच्या आत ती निघाली, तर लागण सहसा टळते. तेव्हा रानातून, उंच गवतातून आलात की त्याच दिवशी काखा, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू, डोक्याची त्वचा नीट बघा. सापडलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, व्हॅसलिन, पेटती काडी असले उद्योग नकोत. त्यात नुसता वेळ जातो.

लागण झालीच, तर तीन ते तीस दिवसांत चावल्या जागी लाल चट्टा उठतो आणि दिवसागणिक पसरतो. दुखत नाही, फारसा खाजत नाही, त्यामुळे दुर्लक्ष होतं. पुस्तकांत कड्यांचं चित्र असतं, पण बरेच चट्टे सरसकट लाल असतात. काहींना तो उठतच नाही. नुसता ताप, अंगदुखी, थकवा. उपचार राहून गेले, तर तोंड एका बाजूला वाकडं होणं, हृदयाचे ठोके मंदावणं, महिन्यांनी गुडघा सुजणं हेही होतं.

चट्टा दिसल्यावर रक्ततपासणीसाठी अडून बसू नये. ही तपासणी शोधते ती प्रतिपिंडं, म्हणजे जीवाणूंशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे सुरुवातीच्या ‘निगेटिव्ह’ अहवालावर विसंबता येत नाही. डॉक्टर चट्टा पाहूनच औषध सुरू करतात. बहुधा डॉक्सिसायक्लिन, दहा ते चौदा दिवस. गरोदर बाईला अमॉक्सिसिलिन. हृदयाला किंवा मेंदूच्या आवरणाला गंभीर बाधा झाली, तर शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन.

बहुतेक जण बरे होतात. काहींचा थकवा, सांधेदुखी मात्र कित्येक महिने रेंगाळते, आणि ते ढोंग नसतं बरं का! पण त्यासाठी महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालू ठेवल्याने फायदा होतो, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. दुष्परिणाम तेवढे होतात. तसा सल्ला कुणी दिला, तर दुसऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा.