नकाशातील कोरी जागा

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर ‘भूगोलाच्या वर्गात बांगलादेश’ असा विषय छापला आहे. तो वेळेत पूर्ण होईल, असे आश्वासन मी देत नाही, कारण माझे काही जुने विद्यार्थी समोरच बसले आहेत.

काही वर्षांपूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेत एका विद्यार्थ्याने ब्रह्मपुत्रा अतिशय सुबक रेखाटली आणि आसामातील धुबरीच्या खाली, सीमारेषेवर, नेमकी थांबवली. नदी पुढे कोठे जाते, असे मी विचारताच ‘सर, पुढचे सिलॅबसमध्ये नाही,’ असे उत्तर आले आणि मी त्याचे दोन गुण कापले. घरी येऊन बाजारातला भारताचा कोरा नकाशा उघडला, तर सीमेपलीकडे नुसता पांढरा कागद होता; मुलाने नदी थांबवली ती आम्हीच थांबवली होती तेथे. गुण मात्र परत देता आले नाहीत, कारण गुणपत्रक तोवर कार्यालयात पोहोचले होते.

त्या पांढऱ्या कागदावर ब्रह्मपुत्रेची जमुना होते, गंगेची पद्मा होते आणि दोघींचा एकत्रित प्रवाह चांदपूरजवळ मेघनेला मिळतो. दोन्ही देशांत सामाईक नद्या ५४ आहेत. सोलापूरच्या मुलांना हे शिकवताना गंगेवरील भारताच्या फरक्का बंधाऱ्यापासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. शहरासाठी उजनीतून भीमेत सोडलेल्या पाण्यापैकी औज बंधाऱ्यात किती पोहोचते आणि वाटेत दोन्ही काठांवरच्या मोटारी किती उपसतात, याविषयी येथील प्रत्येक घराचे ठाम मत असते. नळाला पाणी येण्याच्या दिवशी तर ते विशेष ठाम असते. त्याच भीमेच्या खाली कर्नाटकातील गावे आहेत आणि त्यांच्या लेखी वरचे आपण आहोत, हे मुलांना उमगले की फरक्का निम्मा शिकवून झाला.

पाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. फरक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला. १२ डिसेंबर १९९६ चा गंगा पाणीवाटप करार ३० वर्षांचा असून तो १ जानेवारी ते ३१ मे या टंचाईच्या काळाला लागू होतो. प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असल्यास निम्मे-निम्मे, ७५,००० च्या वर गेल्यास भारताला ४०,००० आणि उरलेले बांगलादेशाला. हे गणित मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्यावे.

सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे आणि २०१५ मध्ये भारताच्या १११ व बांगलादेशाच्या ५१, दुसऱ्या देशाच्या भूमीने वेढलेल्या वसाहतींची अदलाबदल झाली, एवढेच सांगून कांद्याकडे वळतो. भारताच्या २०१९ च्या निर्यातबंदीनंतर बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत, आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस असे बजावले आहे, असा विनोद केला होता. डिसेंबर २०२३ च्या बंदीनंतर आपल्या मार्केट यार्डात भाव कोसळले, तेव्हा मात्र कोणी हसले नाही. ईशान्य भारताला जोडणारी सिलिगुडीची अरुंद पट्टी राहिली, ती प्रश्नोत्तरांत घेऊ. माईक कृपया मागच्या रांगेकडे द्यावा.