मागचे पाय का गेले?

हा उंदीर बघा. पुढच्या पायांनी ओढतोय स्वतःला, मागचे दोन्ही नुसते फरफटत येतायत. असलेच उंदीर १९३०च्या दशकात न्यूयॉर्कला रॉकफेलरच्या लॅबमध्ये मॅक्स टायलरच्या नजरेला पडले, त्याने त्यांच्यातून एक व्हायरस काढला, पोलिओच्या खानदानातला, आणि १९३४ला छापलं. पुढे त्याला नोबेल मिळालं पण ते यलो फीव्हरच्या लसीसाठी, उंदीर राहिले बाजूला.

मग थेट १९७५. हॉवर्ड लिप्टनला दिसलं की पहिल्या आजारातून वाचलेले उंदीरसुद्धा काही आठवड्यांनी परत लंगडायला लागतात, आणि यावेळी मज्जारज्जूत नसांवरचं मायलिनचं आवरणच सोललेलं असतं. माणसाच्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) होतं ना, बरंचसं तसंच.

आता गंमत अशी की सगळ्याच उंदरांना हे होत नाही. ब्लॅक सिक्स जातीच्या उंदराच्या मेंदूत हाच व्हायरस टोचा, त्याच्या किलर टी सेल्स, म्हणजे लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, दोनेक आठवड्यांत सगळं साफ करून मोकळ्या. एसजेएल जातीला मात्र ते जमत नाही, व्हायरस दबा धरून बसतो आणि बसतो कुठे तर मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लियात, म्हणजे ज्यांनी त्याला खाऊन टाकायचं त्यांच्याच पोटात! चोर चौकीतच मुक्कामाला. तो जात नाही म्हणून टी सेल्स येतच राहतात, आणि मग सुक्याबरोबर ओलंही जळतं. १९९७मध्ये नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या स्टीफन मिलरच्या टीमने दाखवलं की सुरुवातीला या टी सेल्स फक्त व्हायरस ओळखतात, पण मायलिनचे तुकडे पडायला लागले की काही आठवड्यांनी मायलिनच्या स्वतःच्या प्रोटीनवरही उठतात. याला एपिटोप स्प्रेडिंग म्हणतात.

माणसात हा व्हायरस एमएस करतो असं कोणी म्हणत नाहीये हां. तिथे संशय एपस्टाइन-बार नावाच्या दुसऱ्याच व्हायरसवर आहे, २०२२ला अमेरिकन सैन्यातल्या १ कोटीहून जास्त लोकांचा डेटा तपासला तेव्हा त्याची लागण झाल्यावर एमएसची शक्यता ३२ पट दिसली.

पण मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते मेयो क्लिनिकच्या १९९८च्या प्रयोगाने. ज्या उंदरांना एरवी काहीच होत नाही त्यांच्यातलं एक जीन काढलं, म्हणजे किलर टी सेल्सना शिकार दाखवणारी यंत्रणाच बंद. अपेक्षेप्रमाणे व्हायरस राहिला, मायलिनही भरपूर उडालं, आता मागचे पाय जाणार असंच कुणालाही वाटेल. पण नाही गेले. आतल्या नसांचे तंतू बऱ्यापैकी शाबूत होते. म्हणजे मायलिन गेलं म्हणून पाय जातात हे आपलं सरळ गणित अर्धवटच होतं, उघड्या पडलेल्या तंतूंवर शेवटचा घाव बहुधा त्या टी सेल्सच घालतात, ज्या ब्लॅक सिक्सला वाचवतात त्याच.

हा बघा त्यातला एक. मायलिन सोललेलं, आणि गडी चारी पायांवर आरामात फिरतोय.