नाव छापलं नव्हतं

नमस्कार श्रोतेहो. आज मला बोलायचंय ते पत्रकारिता शिकणाऱ्या मुलामुलींशी. कॉलेजच्या अंकात लिहिणारे, इन्स्टावर बातमीचं पेज चालवणारे, सगळेच त्यात आले. त्यांचे आईवडील ऐकत असतील तर त्यांनीही थांबावं, कारण वकिलाची नोटीस घरच्या पत्त्यावर येते.

१८८२ साली याच मुंबईत, डोंगरीच्या तुरुंगात, दोन तरुण संपादक शिक्षा भोगत होते. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर. दोघंही सव्वीस वर्षांचे. ‘केसरी’ सुरू होऊन दीडच वर्ष झालं होतं. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय, या कळवळ्यानं त्यांनी तिथले दिवाण बर्वे यांच्यावर लिहिलं. आधाराला पत्रं होती. ती पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि १०१ दिवस आत काढून ते सुटले.

एवढी मोठी माणसं, एवढा स्वच्छ हेतू, आणि घात केला तो हाती आलेल्या कागदानं. आज तुमच्या हाती कागद येत नाही, स्क्रीनशॉट येतो. फेस्टच्या पैशांत अमक्यानं हात मारला, हे बघ चॅट, असं म्हणत कुणीतरी तो पाठवतो. चॅट कुणाच्या फोनवरचं आहे? वरचे-खालचे मेसेज कुठे गेले? आणि ज्याच्यावर आरोप आहे, त्याला फोन केलात का? हा फोन फार जणांकडून टळतो. समोरचा चिडेल, बातमी थांबवा म्हणेल, याची भीती वाटते. तरीही फोन करायचाच. तो काय म्हणाला ते बातमीत घ्यायचं, आणि बोलायला नकार दिला तर तसं लिहायचं.

बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विद्यार्थी म्हणून त्यात सवलत नाही. ‘अशी चर्चा आहे’ असं लिहिलं की आपण सुटलो, हाही गैरसमजच. दुसऱ्यानं केलेली बदनामी आपण पुढे सांगितली, तर ती आपलीही होते. फौजदारी खटल्यात मजकूर खरा असणंही पुरेसं नाही. तो छापण्यात लोकांचं हित होतं, हेही दाखवावं लागतं. म्हणून प्राध्यापकांच्या घरातलं भांडण खरं असलं तरी ती बातमी नाही. वसतिगृहाच्या पाण्याची टाकी वर्षभर धुतलेली नाही, ही बातमी आहे.

अशा बातमीसाठी कुणाच्या चॅटची वाट कशाला बघायची? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. महाराष्ट्रात दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून सहीशिक्क्यानिशी आलेला कागद बनावट म्हणून कोण उडवून लावणार?

आता माझं सांगतो. सांगणं सोपं नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी माझ्याकडे आली. नाव छापायचं नाही, एवढा कायदा मला पाठ होता, आणि मी नाव छापलं नाही. पण चाळीचं नाव लिहिलं. वडील काय काम करतात ते लिहिलं. मुलगी पालिकेच्या कुठल्या शाळेत, कितवीत शिकते, तेही लिहिलं. बातमी भरीव वाटावी म्हणून. उपसंपादकांनी एक अक्षर कापलं नाही, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापणं तेव्हाही गुन्हाच होता. मी कायदा अर्धाच वाचला होता. पुढे २०१२ साली मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला. त्याच्या कलम २३ मध्ये मुलाचं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, राहण्याचा परिसर अशी यादीच दिली आहे. ती वाचताना मला माझीच बातमी ओळीओळीनं दिसत होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बलात्कार पीडितांबद्दलही हेच बजावलं. दुरूनही ओळख पटता कामा नये, पीडित हयात नसली तरी.

बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई ऑफिसात आली. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. पदराखाली घडी घातलेला पेपर होता. तो तिनं माझ्या टेबलावर उघडला आणि शाळेच्या नावावर बोट ठेवलं. म्हणाली, “साहेब, उद्यापासून हिला कुठल्या शाळेत पाठवू, तेवढं लिहून द्या.”

माझ्या हातात पेन होतं. मला काही लिहिता आलं नाही.