पाहुणा आल्यावर बँड काय करतो

लष्करी बँडच्या नव्या मोसमाची पत्रिका हातात पडली की आपली नजर आधी पाहुण्यांच्या नावांवर जाते. या महिन्यात कोणी सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची गायिका, पुढच्या महिन्यात व्हायोलिनवादक, नंतर एखादा जॅझ पियानिस्ट. बँडचं नाव वर ठळक अक्षरात असतं, पण ते आपण यजमानाच्या नावासारखं वाचून सोडून देतो. मला आज ही पत्रिका उलट बाजूने वाचायची आहे. माझं म्हणणं एवढंच की अशा मैफलीत परीक्षा पाहुण्याची नसते. तो आयुष्यभर जे करत आला तेच करायला येतो. सवयी मोडाव्या लागतात त्या बँडला.

बँड मुळात घडला मोकळ्या मैदानासाठी. तिथे भिंती नाहीत, आवाज परतून येत नाही, वारा निम्मा घेऊन जातो. वाद्यं चालता चालता वाजवता आली पाहिजेत, पावसाच्या सरीला भ्यायची सोय नाही. म्हणून फुंकून वाजवायची आणि बडवायची वाद्यं. दोन गुण हवेत: जोर आणि एकी. यातली एकी आपण समजतो तितकी जुनी नाही बरं का. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या छावणीत व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाचं संचलन झालं. ब्रिटिश पलटणींच्या बँडनी राष्ट्रगीत एकदम सुरू केलं, आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी, मांडणी वेगळी! सेनापतींसमोर जो काही गलका झाला असेल त्याची कल्पनाच केलेली बरी. कारण साधं होतं. प्रत्येक पलटण आपला बँडमास्टर आपणच नेमायची आणि वाद्यं आपल्याच खर्चाने, आपल्या पसंतीने घ्यायची. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, लंडनजवळ नेलर हॉल इथे लष्करी संगीताची शाळा निघाली, त्यामागे ही फजिती होती असं सांगतात.

म्हणजे एक पट्टी, एक लय, एक हुकूम यासाठी एवढा खटाटोप झाला. आणि आता पाहुणा येऊन म्हणतो, माझी पट्टी निराळी आहे, लय मी मध्येच ओढणार आहे, आणि तुम्ही पन्नास जण एवढं हळू वाजवा की माझा एकट्याचा आवाज शेवटच्या रांगेत पोचेल.

हे मैदानात जमत नाही, हे फ्रेंच संगीतकार बर्लिओझने चांगलंच अनुभवलं. फ्रान्समधल्या १८३० च्या जुलै क्रांतीत पडलेल्यांचे अवशेष दहा वर्षांनी बास्तीच्या चौकातल्या नव्या स्तंभाखाली हलवायचे होते. त्या मिरवणुकीसाठी त्याने मोठ्या लष्करी बँडची सिम्फनी लिहिली. २८ जुलै १८४० ला सुमारे दोनशे वादक पॅरिसच्या रस्त्यांतून निघाले आणि हा हातात तलवार घेऊन पुढे, तिनेच ताल देत. या रचनेचा मधला भाग म्हणजे एकट्या ट्रॉम्बोनने, म्हणजे सरकत्या नळीच्या पितळी कर्ण्याने, केलेलं श्रद्धांजलीचं भाषण आहे. कल्पना किती सुंदर! सगळा बँड श्रोता होतो आणि त्यातलाच एक जण उठून बोलतो. पण रस्त्यावर, गर्दीत, ड्रमच्या दणक्यात ते बोलणं ऐकणार कोण? बर्लिओझ वस्ताद होता. असं होणार हे ओळखून त्याने जाणकारांना आधीच सभागृहातल्या तालमीला बोलावून ठेवलं होतं. एकल वादन आणि रस्ता यांचं जमत नाही. बँडचा मोसम सभागृहात गेला त्यामागचं एक कारण या गोष्टीत आहे.

याहून मला जवळचा वाटतो तो रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव. तो नौदलाचा अधिकारी. १८७३ मध्ये त्याच्यासाठी एक नवी जागा निर्माण झाली: नौदलाच्या बँडचा निरीक्षक. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वीच सेंट पीटर्सबर्गच्या संगीतशाळेत प्राध्यापक झाला होता आणि मनातून जाणून होता की आपलं शिक्षण कच्चं आहे. मग या माणसाने काय करावं? बासरी, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन अशी वाद्यं स्वतः हातात घेतली आणि ती कशी बोलतात, कुठे अडतात, हे फुंकून पाहिलं. शेजाऱ्यांचे हाल झाले असणार. पण ज्याच्यासाठी लिहायचं त्याचा श्वास आधी ओळखायचा, हे त्यातून साधलं. पुढे ही जागा रद्द होईपर्यंत, म्हणजे १८८४ पर्यंत, तो बँड तपासत राहिला. आणि १८७७-७८ मध्ये त्याने तीन रचना केल्या: ट्रॉम्बोन आणि लष्करी बँड, ओबो आणि लष्करी बँड, क्लॅरिनेट आणि लष्करी बँड. क्रॉन्श्टाटच्या नौदल तळावर होणाऱ्या मैफलींसाठी. म्हणजे आज आपण ज्या प्रकारच्या मोसमाबद्दल बोलतोय त्याचाच तो एक आराखडा होता. या तीन रचना आजही वाजतात. ट्रॉम्बोनची रचना जेमतेम दहा मिनिटांची आहे. ती ऐकताना माझं लक्ष ट्रॉम्बोनकडे कमीच असतं. बँड कुठे गप्प बसतो, ते मी मोजतो. एकल वादक बोलायला लागला की मागची वीण विरळ होते, आणि त्याचं वाक्य संपलं की सगळे भरून येतात. आपल्याकडे याला साथ म्हणतात. पेटीवाला गवयाच्या मागे सावलीसारखा जातो, तीच ही विद्या. फरक एवढाच की इथे सावली पन्नास जणांची आहे आणि तिला पितळी कर्णे आहेत.

आता पट्टीचा प्रश्न, कारण खरी गंमत तिथे आहे. बँडमधली क्लॅरिनेट, कॉर्नेट, सॅक्सोफोन ही वाद्यं बी फ्लॅट किंवा ई फ्लॅटमध्ये बांधलेली असतात. पेटीच्या भाषेत काळी पाच आणि काळी दोन. या पट्ट्यांत बँडची बोटं सुखाने चालतात, आवाज गोल येतो. इंग्रज संगीतकार होल्स्टने १९०९ मध्ये बँडसाठी पहिली सुइट, म्हणजे छोट्या रचनांची माळ, लिहिली ती ई फ्लॅटमध्येच. आता पाहुणा व्हायोलिनवादक आहे असं धरा. त्याच्या चार मोकळ्या तारा म्हणजे पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. त्याला डी, ए अशा पट्ट्या आवडतात, तिथे मोकळ्या तारा गुंजतात आणि वाद्य उजळतं. बँड तिथे गेला की क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर शार्पची, म्हणजे स्वर अर्ध्याने चढवायच्या खुणांची, रांगच लागते आणि बोटांच्या गाठी होतात. कोणीतरी पड खायला हवी. बहुधा बँड खातो.

गायिकेचं आणखी वेगळं. तालमीला येऊन ती म्हणते, आज गळा बसलाय, अर्धा स्वर खाली घेऊ या. पेटीवाला काय करेल? बोटं एक घर सरकवेल. पियानिस्ट थोडा कुरकुरेल आणि तेच करेल. बँडमध्ये मात्र प्रत्येकाचा कागद वेगळा आणि प्रत्येकाच्या वाद्याचं सा वेगळं. एकेकाळी नकलनवीस रात्रभर बसून सगळे कागद नव्याने लिहीत. आता ते काम संगणक चुटकीसरशी करतो, पण वाद्याची बोटं संगणक बदलू शकत नाही. क्लॅरिनेटच्या गळ्यातले काही स्वर फिके असतात. अर्धा स्वर उतरल्यावर सगळी सुरावट नेमकी त्या फिक्या जागेत येऊन पडू शकते. म्हणून चांगला संचालक गायिकेची पट्टी दोन महिने आधी विचारून घेतो. पत्रिकेत याचा उल्लेख कधी नसतो.

तोच खेळ उष्णतेचा. फुंकल्याने आणि सभागृहातल्या ऊबेने वाद्यातली हवा तापते, तापल्या हवेत ध्वनीचा वेग वाढतो आणि स्वर चढतो. तारेचं उलट. तार तापली की सैलावते आणि उतरते. पियानो तर तिसराच, तो कोणाचं ऐकत नाही. पहिल्या गाण्यात जुळलेले सूर पाचव्या गाण्यापर्यंत एकमेकांपासून दूर जायला लागतात. पियानो असेल तर वादकांना कान लावून, नळ्या थोड्या बाहेर ओढून खाली यावंच लागतं. मध्यंतरानंतर सूर लावायला जास्त वेळ लागतो त्याचं कारण हे. कंटाळू नका, तिथेही ऐकण्यासारखं असतं.

व्हायोलिनच्या जागी बँडमध्ये क्लॅरिनेटचा ताफा असतो. पाहुण्याचं गाणं मुळात तारांच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेलं असतं आणि बँडचे रचनाकार ते आपल्या वाद्यांवर आणतात. इथे फसगत होते. गज कितीही वेळ ओढता येतो, फुंक संपते. लांबच लांब स्वर धरायचा असेल तर शेजारी शेजारी बसलेले दोघे ठरवून वेगवेगळ्या ठिकाणी श्वास घेतात, चोरून. आपल्याला तुटल्याचं कळत नाही. पण गायिकेबरोबर याचा एक फायदाही होतो. ती श्वास घेते, तेव्हा मागचे सगळेच श्वासाचे लोक असतात. तिच्या खांद्यांची हालचाल पाहून त्यांना कळतं. तारांच्या वाद्यवृंदाला ही समज कमवावी लागते. याबाबतीत बँडची साथ मला जास्त माणसाळलेली वाटते. हे माझं मत, वाद घालायला मोकळीक आहे.

सैन्याच्या बँडने एकट्या गायकाला हळू साथ द्यावी, हे बेथोवेनला फार आधी सुचलं होतं. १८२४ च्या त्याच्या नवव्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात मोठा ड्रम, झांजा, त्रिकोण घेऊन एक लहानसा बँड दुरून यावा तसा सुरू होतो आणि त्यावर एकटा टेनर, म्हणजे उंच आवाजाचा गायक, गातो. तुर्की जानिसारी सैन्याच्या वाद्यांची ही आठवण. सुरुवात इतकी हळू की आधी ठोकेच ऐकू येतात. सैन्याचा बँड हळू वाजू शकतो, आणि हळू वाजला की जास्त परिणाम करतो, हे तिथे दिसतं.

पाहुण्यांसह मैफल लोकांच्या अंगवळणी पाडली ती सूझाने. त्याचे वडील अमेरिकेच्या मरीन बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. हा बँड १७९८ मध्ये स्थापन झालेला. १८८० ते १८९२ सूझा त्याचा प्रमुख होता, मग नोकरी सोडून त्याने स्वतःचा बँड काढला. गणवेश, शिस्त लष्करीच, पण पैसे तिकिटाचे. त्याच्या दौऱ्यांत एक सोप्रानो, एक व्हायोलिनवादक आणि बँडमधलाच एखादा कॉर्नेट किंवा ट्रॉम्बोनचा बहाद्दर, असा बेत ठरलेला असे. मॉड पॉवेलसारखी नावाजलेली व्हायोलिनवादक त्याच्याबरोबर युरोप फिरली. आणि सूझाची युक्ती अशी, की टाळ्या विरायच्या आत पुढचं गाणं सुरू. नाव सांगायलाही थांबायचं नाही, एक जण पाटी धरून उभा राहायचा. गंभीर रचना आणि मार्च यांची सरमिसळ तो जाणून करायचा. पाहुण्याच्या पाच मिनिटांच्या हळुवार गाण्यानंतर मार्च आला की तो दुप्पट ताजा लागतो.

अमेरिकेतल्या नाचाच्या बँडचा प्रसिद्ध प्रमुख ग्लेन मिलर, त्याच्याबद्दल लांबवत नाही. दुसऱ्या महायुद्धात त्याने हवाई दलासाठी जो संच बांधला त्यात चक्क तारांची वाद्यं घेतली, आणि १९४४ मध्ये लंडनला बिंग क्रॉस्बी आणि डायना शोर त्याच्याबरोबर गायले. जुन्या बँडमास्तरांनी नाकं मुरडली असतील. सैनिकांनी नाही मुरडली.

एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेतल्या सैन्यदलांच्या बँडना स्थानिक व्यावसायिक कलाकारांशी स्पर्धा करायला कायद्याने मनाई आहे, आणि त्यांच्या मैफलींना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. म्हणून तिथल्या मोसमात बाहेरचा कलाकार प्रतिस्पर्धी म्हणून येत नाही, सोबती म्हणून येतो. मला वाटतं, कार्यक्रमाच्या निवडीत धाडस दिसतं ते यामुळे. खुर्च्या विकायच्या नसल्या की जर्मन संगीतकार कुर्ट वाइलचं व्हायोलिन आणि सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांचं कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि साथीचा संच यांची रचना) पत्रिकेत घालताना हात थरथरत नाही. १९२४ ची ही रचना. व्हायोलिन एकटं, मागे तारवाद्यं म्हणाल तर फक्त डबल बेस, बाकी फुंकवाद्यं आणि तालवाद्यं. यंदा कुठल्याही मोसमात ती दिसली तर चुकवू नका.

अशा मैफलींबद्दल दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, पाहुण्यापुढे ध्वनिक्षेपक, म्हणजे माइक, ठेवावा का? जॅझ गायकाला तो लागतोच, तक्रार नाही. पण शास्त्रीय पद्धतीच्या गायिकेपुढे तो ठेवला की बँडची जबाबदारी संपते. मग कोणी हळू वाजवायच्या भानगडीत पडत नाही, आणि ज्यासाठी आपण गेलो तेच हातचं जातं. तालमीत संचालक जे करतो ते फार साधं असतं. आठ क्लॅरिनेटांच्या जागी दोन ठेवतो, खर्जाच्या ट्यूबाला बाजूला बसवतो, ट्रंपेटच्या तोंडात म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, घालतो. सोप्रानो आणि ट्रंपेट एकाच उंचीवर गातात, तिथे एकाने गप्प बसणं भाग आहे. गप्प बसलेला ट्रंपेटवाला तालाची चाळीस मापं (आवर्तनं) मोजत असतो, आणि एकेचाळिसाव्याला नेमका हळू शिरतो. जोरात शिरणं त्या मानाने सोपं आहे.

दुसरा प्रश्न, बसावं कुठे. पहिल्या रांगा टाळा. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन यांची तोंडं सरळ तुमच्याकडे असतात, ट्यूबाचं छताकडे, आणि फ्रेंच हॉर्नचं मागे, त्याचा आवाज भिंतीवर आपटून मग येतो. हे सगळे एकत्र मिसळतात ते सभागृहाच्या मध्याच्या थोडं मागे. पाहुणा दिसायला लहान दिसेल, पण सगळ्यांत मागच्या रांगेतला हॉर्नवाला त्याच्यासाठी आवाज कधी कमी करतो, ते तिथून नीट ऐकू येईल. आणि दहा मिनिटं लवकर जा, सूर लावायला सुरुवात होण्याआधी.