गंधाराविना कॉर्ड

इलेक्ट्रिक गिटार घ्या. पहिलं बोट सहाव्या, सर्वांत जाड तारेवर, पाचव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे गळ्यावरची आडवी धातूची पट्टी). तिसरं बोट पाचव्या तारेवर, सातव्या फ्रेटपाशी. करंगळी त्याच फ्रेटवर, चौथ्या तारेला. तारा तीन, स्वर दोनच: ए, ई आणि पुन्हा वरचा ए. म्हणजे सा, प, तार सा. ही ए-फाइव्ह पॉवर कॉर्ड.

शुद्ध गंधार आला की मेजर, कोमल आला की मायनर. इथे गंधारच नाही. ही अपुरी कॉर्ड नव्हे. तो मुद्दाम काढलेला आहे. का, ते ऐका.

[अँपचं गेनचं बटण, जवळून]

गेन म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण. गेन कमी, कॉर्ड पूर्ण मेजर. गोड लागते. आता गेन चढवला. बोटं तीच, पण सगळं गढूळ! डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे अशा फाटलेल्या आवाजात, स्वर एकमेकांत मिसळून त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे स्वर निघतात. आपला ए 110 हर्ट्‌झ, ई साधारण 165. वजाबाकी 55, म्हणजे ए-च, एक सप्तक खाली. कॉर्डला वजन येतं ते इथून. गंधार असतो 138.6 वर. त्याची ए-शी वजाबाकी 28.6, ई-शी 26.2. दोन्ही कुठल्याच स्वरावर नीट बसत नाहीत, शिवाय आपसात घासतात.

1964 मध्ये लंडनच्या द किंक्स बँडचे गिटारवादक डेव्ह डेव्हिस यांनी असा फाटका आवाज मिळवायला स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला होता. पुढे पंक आणि मेटल याच दोन स्वरांवर वाढले.

[डावा हात, वरून]

निम्मं कौशल्य मात्र न वाजणाऱ्या तारांत आहे. पहिलं बोट शेंड्यावर उभं राहिलं, तर खालच्या तीन तारा मोकळ्या घुमतात. ते थोडं आडवं करा, तारांना नुसतं टेकू द्या, दाबू नका. मूळ स्वर पाचव्या तारेवर असेल, तर त्याच बोटाचं टोक सहावीला टेकवा.

कॉर्ड वाजत असताना आवाज हळूहळू हेलकावतोय? बहुतेक वेळा तिसऱ्या बोटाने तार बाजूला ओढली जाते आणि पंचम चढतो. बोट फ्रेटच्या लगेच मागे ठेवा, पकड सैल करा.

[उजवा हात, ब्रिजपाशी]

पाम म्यूट म्हणजे तळव्याने तारा अर्धवट दाबून बुजका आवाज काढणं. त्यासाठी तळव्याची कड ब्रिजवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारा सुटतात तिथेच. जरा पुढे सरकली की स्वर मरतो, नुसता ठोका उरतो. मागे गेली तर तारा मोकळ्या.

ड्रॉप डी नावाच्या जुळणीत सहावी तार पूर्ण एक स्वर उतरते आणि तिन्ही जागा एकाच फ्रेटवर येतात, एक बोट पुरतं. पण तार सैल होते. जोरात छेडली तर सुरुवातीलाच स्वर चढतो, म्हणून इथे जाड तार लावा किंवा पिक हलकं चालवा.