दार किलकिलं

(दृश्य : जुनी दगडी इमारत, पाण्याचा आवाज)

सिरियातलं अलेप्पो शहर. अरगून अल-कामिली या मामलूक राजवटीच्या सुभेदारानं १३५४ मध्ये सुरू केलेला हा बिमारिस्तान, म्हणजे दवाखाना. आतल्या बाजूला एक आठकोनी चौक, मधे कारंजं, भोवतीनं मनोरुग्णांच्या अरुंद खोल्या. पाण्याच्या आवाजानं मन निवावं, ही कल्पना. कारंज्याचे फोटो सगळेच काढतात. जरा खोल्यांच्या गजांकडेही बघा.

वेड्याला अरबीत म्हणतात मजनून. आपल्याकडे त्याचा मजनू झाला आणि बसस्टॉपवर घुटमळत राहिला. मूळ धातूचा अर्थ झाकणं. जिन त्यातलाच, कारण तो दिसत नाही. पोटातला गर्भ म्हणजे जनीन, तोही त्यातलाच. जिनानं धरलं म्हटलं की आजाराचा दोष माणसावर येत नाही, ही एक सोय. पण झाकण्याची सवयही तिथूनच लागते. घरातला आजार बाहेर कळला तर बहिणींची लग्नं अडतात. हे आपल्याला काही नवीन नाही.

(दृश्य : कैरो, डॉक्टरांची खोली)

अशी एखादी मुलगी दवाखान्यात येते ती आई आणि भावासोबत. 'कल्बी मक्बूद,' एवढंच म्हणते. काळीज आवळल्यासारखं होतंय. पुढचं सगळं भाऊ बोलतो. निदान तिला सांगू नका, असंही तोच सांगतो. त्याला बाहेर बसवावं, तर परक्या पुरुषासोबत बंद खोलीत एकटी बाई, म्हणजे खल्वा, धर्मानं निषिद्ध. आपल्या खलबतातला शब्द तो हाच. मग दार किलकिलं ठेवायचं, नाहीतर नर्सला थांबवायचं. मुलगी मनातलं बोलते, पण आवाज खाली आणून.

पाश्चात्त्य वैद्यकीय नियमात रुग्ण एकटा असतो आणि उपचारांच्या संमतीची सहीही त्याची एकट्याची. इजिप्तचे अहमद ओकाशा २००२ ते २००५ या काळात जागतिक मानसोपचार संघटनेचे अध्यक्ष होते. अरब समाजात माणूस कुटुंबाचा भाग म्हणूनच निर्णय घेतो, हे त्यांनी वारंवार मांडलं. खरंच आहे. घरच्यांना बाजूला सारा म्हणणाऱ्यांना विचारावं, रात्रीची गोळी कोण देणार? आणि सगळं घरच्यांवर सोपवा म्हणणाऱ्यांना विचारावं, बहिणीच्या वाट्यावर डोळा असलेला भाऊ कधी पाहिला नाहीत?

कुराणाच्या अन-निसा या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, पाचवी आयत सांगते : ज्यांना समज नाही त्यांच्या हाती मालमत्ता देऊ नका, पण त्यातून त्यांना खायला द्या, कपडे द्या, त्यांच्याशी गोड बोला. व्यवहार पालकाच्या हाती, मान मात्र रुग्णाचा. इजिप्तनं मनोरुग्णांविषयीचा १९४४ चा कायदा बदलून २००९ मध्ये ७१ क्रमांकाचा कायदा आणला. कुणाला मर्जीविरुद्ध भरती करायचं, तर आता घरच्यांचा शब्द पुरत नाही. स्वतंत्र तज्ज्ञांची तपासणी लागते.

(दृश्य : आखातातलं शहर, कामगारांची वस्ती)

ही सगळी घडी कुटुंब हजर आहे असं धरूनच बसवलेली. इथल्या खोल्यांत मात्र एकेकटे पुरुष राहतात. त्यांत आपल्या रत्नागिरी-रायगडकडचेही आहेत. त्यांच्यापैकी कुणाची झोप उडते, भास होऊ लागतात. दुभाषाच्या तोंडून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात : घरी कोण असतं?

तो खिशातून मोबाइल काढतो.