शेवटच्या राक्षसाचं बारसं

मंडळी, पत्रिकेवर 'बाउझरचं नाव' असा विषय छापलाय. बाउझर म्हणजे व्हिडिओ गेममधला एक 'बॉस', शेवटी ज्याच्याशी लढावं लागतं तो राक्षस. त्याकडे येतोच. पण आधी बायसन या दुसऱ्या बॉसच्या नावाचं प्रकरण मिटवू द्या. त्यावरून इथे राजवाड्यामागच्या गल्लीत हाणामारी झालेली मी पाहिलीय.

पुढच्या रांगेतून प्रश्न आलाय, बॉस म्हणजे ऑफिसातला का? नाही काकू. हा शेवटी एकदाच येतो, ऑफिसातला रोज येतो.

तर 'स्ट्रीट फायटर टू' हा मारामारीचा खेळ, साल १९९१. गेम पार्लरमध्ये टोकन टाकायचं, आणि मागे उभे असलेले चार जण फुकट सल्ला द्यायचे. शेवटचा बॉस लाल वर्दीतला, टोपीवाला. एक पोरगा म्हणाला, "हा बायसन." दुसऱ्याचा मामा बोटीवर होता, त्यानं जपानात हाच खेळ पाहिलेला. हा दुसरा पोरगा म्हणे, "बायसन म्हणजे बॉक्सर. हा वेगा!" पहिला तापला, "भिया, ताकदीच्या पट्टीखाली नाव लिहिलंय, वाच ना!" मग कॉलर, मग चप्पल. गल्ल्यावरच्यानं दोघांना बाहेर काढलं आणि टोकनं ठेवून घेतली. दोघांतलं एक टोकन माझं होतं, हे आजही सलतंय.

गंमत अशी, की दोघेही बरोबर होते. खेळ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीनं जपानात बॉक्सरचं नाव ठेवलं एम. बायसन. एम म्हणजे माइक. माइक कोण, हे ती ठोसे मारण्याची ढब पाहून कळायचंच. अमेरिकेत खराखुरा बॉक्सर माइक टायसन कोर्टात खेचेल या धास्तीनं कंपनीनं तीन नावांची खांदेपालट केली. बॉक्सर झाला बालरॉग, मुखवटा घालून पंज्यानं ओरबाडणारा स्पॅनिश झाला वेगा आणि वर्दीवाल्याच्या वाट्याला बायसन आलं. 'एम'सकट! ते 'एम' त्याच्या काय कामाचं? दुसऱ्याच्या मुंजीतला सदरा घालून आल्यासारखा दिसतो बिचारा.

बरं, निन्टेन्डो या दुसऱ्या गेम कंपनीनं त्याआधी, १९८७ मध्ये, टायसनशी रीतसर करार करून त्याला 'पंच-आउट' या बॉक्सिंगच्या खेळाचा शेवटचा बॉस केलं होतं. करार संपल्यावर त्याच जागी मिस्टर ड्रीम आला. ठोसे तेच, मुंडकं नवं.

अध्यक्षांनी घंटा वाजवली. दोन मिनिटं द्या, बाउझर उरकतो.

'सुपर मारिओ', १९८५. त्यातला बॉस बाउझर, जपानात त्याचं नाव कुप्पा. कोरियात गरम रश्श्यात भात घालून खातात, त्या पदार्थाचं जपानी नाव. खेळ रचणाऱ्या मियामोतोंच्या मनात बिबिम्बाप या कोरियन भाताचं नावसुद्धा होतं, म्हणजे राजकन्येला पळवणारा खलनायक थोडक्यात मसालेभात होता होता वाचला. तो आधी बैलासारखा काढला होता. कासवाचं वळण त्यांचे सहकारी तेझुका यांनी दिलं. अमेरिकेत त्याचा बाउझर झाला आणि 'कूपा' हे नाव त्याच्या कासवजातीला गेलं.

आणि पहिल्या सात किल्ल्यांतला बाउझर खोटा असतो. पहिल्याच किल्ल्यात आगीचे गोळे मारून पाहा, मरताना त्याचा साधा गूम्बा, म्हणजे खेळातला किरकोळ शत्रू होतो. खरा फक्त आठव्या जगाच्या शेवटी. बसतो, अध्यक्षमहाराज.